महालातल्या गल्लीत नवी इमारत: हरकत घ्यायची ती नेमकी कशावर?

ओसरी

मंडळी, नागपूरच्या महाल भागात आमच्या गल्लीत एक जुना वाडा उतरवला. सागवान एकीकडे, चिपा आणि विटा एकीकडे, कवेलू तर तिथल्या तिथे फुटले. आता त्या जागेवर खाली पार्किंग, वर चार मजले आणि पुढून निळी काच असा बेत आहे म्हणतात. पायाचं खोदकाम अजून सुरू झालेलं नाही.

गल्लीतले आम्ही दहा-बारा जण बसलो की बाबा काहीतरी लेखी देऊ. पहिल्याच बैठकीत तीन तट पडले. एक म्हणे जुन्या पद्धतीचंच बांधा, कमानी-बिमानी लावून. दुसरा म्हणे बांधूच देऊ नका. तिसरा म्हणे त्याची जागा, त्याचा पैसा, आपण कोण टिकोजीराव? चहा झाला, पोहे झाले, कागद कोराच राहिला.

माझं मत सांगते. नवीन बांधायला माझा विरोध नाही. महाल काही एका दिवसात आणि एका हाताने झालेला नाही. गोंड राजा चांद सुलतानाचा कोट, मग भोसल्यांचे वाडे आणि मंदिरं, मग इंग्रजी अमदानीत बदललेले दर्शनी भाग, पन्नास-साठ साली आलेल्या गच्च्या आणि सिमेंटच्या जाळ्या. आमच्याच घराची माडी माझ्या आजेसासऱ्यांनी चढवली, तेव्हा शेजाऱ्यांनी नाकं मुरडलीच असतील. पण "परिसराला शोभेलसं बांधा" एवढंच लिहून दिलं तर ते वाचून फायलीत जाणार. टेबलामागच्या माणसाला फूटपट्टी लावून तपासता येईल असं काय लिहावं? जाणकारांनी सांगा.

बर्डीचा_पोट्ट्या

ताई, निळी काच? नागपुरात? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाते, त्या काचेच्या मांगं बसून काय अंडे उबवतील का बे? अन् समोरच्या घराले ऊन दोनदा. एकदा वरून, एकदा काचेतून.

सध्या_पुण्यात

वाचून फार वाईट वाटलं. माझं बालपण कल्याणेश्वराच्या मंदिरामागे गेलं. माझं स्पष्ट मत आहे की गांधी गेटपासून कोतवालीपर्यंतचा सगळा भाग वारसा म्हणून जाहीर करावा आणि नवीन बांधकामावर सरसकट बंदी आणावी. युरोपात बघा, लोक खिडकीचा रंगसुद्धा विचारल्याशिवाय बदलत नाहीत. आपल्याकडे कुणाला किंमतच नाही.

तिसरी_पिढी

पुण्यात बसून आमचे वाडे जपा म्हणणं फार सोपं आहे साहेब.

मी वाड्याचा मालक आहे. म्हणजे एक हिस्सेदार. आखीव पत्रिकेवर आजोबांनंतर अकरा नावं चढली आहेत, त्यातले तिघे परदेशात, एक बोलत नाही, एकाचा पत्ता नाही. खालच्या दोन खोल्यांत भाडेकरू, भाडं एवढं की वसूल करायला जावं तर येण्याजाण्याचा पेट्रोलचा खर्च जास्त. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे असतात, ते फेरणारा माणूस आता हुडकून आणावा लागतो, आणि त्याने फेरून गेल्यावर आठ दिवसांत माकडं येऊन नाचतात. मधल्या चौकाची तुळई वाळवीने पोकळ केली. वरून रंग लावलेला, बोट टेकवलं की आत जातं. गेल्या पावसाळ्यात धोकादायक इमारत म्हणून महापालिका कायद्याच्या कलम २६४ची नोटीस आली: दुरुस्त करा नाहीतर उतरवा. दुरुस्तीला पैसा कोण देणार? तुमच्या आठवणी?

आणि ओसरीताई, राग मानू नका, पण तुमच्या गल्लीतल्या ज्या माणसाने वाडा विकला त्याच्या घरी बैठकीचं आमंत्रण गेलं होतं का?

ओसरी

राग नाही. आमंत्रण गेलं नव्हतं, प्रश्न रास्त आहे. पुढच्या वेळी जाईल.

नगररचना_निवृत्त

मी नोकरीत असताना हरकतींचे गठ्ठेच्या गठ्ठे वाचले आहेत, म्हणून लिहितो. आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. साध्या बांधकाम परवानगीच्या वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हरकती मागवण्याचा टप्पा एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात (१९६६) नाही. अर्ज येतो, नियमात बसतो की नाही ते पाहतात, ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मानीव परवानगी. गल्लीला काय वाटतं हा प्रश्न त्या फायलीत येतच नाही.

लोकांना बोलायची जागा आहे ती त्याच्या कितीतरी आधी, नियम होताना. विकास आराखड्याचा मसुदा येतो तेव्हा, आणि आराखड्यात किंवा नियमावलीत कलम ३७ खाली फेरबदल होतो तेव्हा. राजपत्रात सूचना निघते, एक महिन्याची मुदत असते, हरकती-सूचना लेखी द्यायच्या, बाधितांना सुनावणी मिळते. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापून येते आणि त्या महिन्यात नेमके आपण सगळे लग्नाकार्यात असतो. वाडा पडल्यावर, पाटी लागल्यावर आपल्याला जाग येते. तोवर कायद्याने खिडकी बंद.

आता वारशाचं. नागपूरला वारसा नियम २००३ साली आले, वारसा संवर्धन समिती नेमली गेली आणि दीडशेच्या वर वास्तूंची यादी झाली. वास्तू यादीत असेल तर प्रकरण समितीकडे जातं आणि समितीचा सल्ला घेऊन निर्णय होतो. पहिल्या श्रेणीला जवळपास हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल चालतात, बाहेरचे तपासून. तिसरी श्रेणी ही गल्लीच्या, रस्त्याच्या चेहऱ्यासाठी असते, तिथे बदलाला बरीच मोकळीक आहे. तुमच्या गल्लीतला तो वाडा यादीत नसेल तर समितीचा संबंधच येत नाही, मग तो कितीही जुना असो. तेव्हा पहिलं काम: तो प्लॉट, शेजारचे प्लॉट किंवा ती गल्ली यादीत आहे का हे लेखी विचारा. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा. ऐकीव निळ्या काचेवर हरकत लिहू नका.

इतवारी_किराणा

म्हणजे दीडशे इमारती वाचवल्या आणि त्यांच्या मधली हजार घरं वाऱ्यावर?

नगररचना_निवृत्त

कडू आहे, पण ढोबळमानाने तसंच. यादी वास्तूंची होते. गल्ली जपायची असेल तर "वारसा परिसर" म्हणून हद्द आखून घ्यावी लागते. मुंबईच्या १९९५च्या यादीत खोताची वाडी तशी आली. तिथेही बंगले पडलेच हो, परिसर जाहीर झाला म्हणजे अमरपट्टा मिळत नाही. पण निदान तिथे काय बांधायचं यावर बोलायला कायदेशीर पाट तरी मिळतो.

चुनाविटा

मी आर्किटेक्ट आहे, जुन्या बांधकामांची डागडुजी करते. ओसरीताईंचा मूळ प्रश्न फूटपट्टीचा होता, त्यावर येते.

काच वाईट दिसते हे खरं, पण काच उद्या काढता येते. गल्ली खरी मरते ती स्टिल्टने, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या पार्किंगने. जुन्या महालात रस्त्यापासून घरात कसं जातो आपण? दोन-चार पायऱ्या, ओटा, देवडी, मग चौक. ओट्यावर म्हातारे बसतात, दुपारी बायका गहू निवडतात, पोरांचा अभ्यास चालतो. गल्लीवर कुणाचं तरी लक्ष असतं. तळमजला खांबांवर उचलून मोकळा सोडला की तिथे संध्याकाळनंतर दोन गाड्या, एक मीटरचा डबा आणि अंधार. अशा तीन इमारती लागून झाल्या की त्या बाजूने बाया रात्री जायचं टाळतात. म्हणून माझी पहिली सूचना असेल: दर्शनी भागातली पहिली खोली तळमजल्यावर वापरातली हवी. दुकान असो, ऑफिस असो, राहती असो. गाड्या तिच्या मागे. वाड्यांचे प्लॉट पुढून अरुंद आणि मागे खोल असतात, त्यामुळे हे जमतं. मी एका ठिकाणी करून पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. "उंच नको" असं लिहू नका. "रस्त्याकडचे पहिले दोन मजले शेजारच्या माडीच्या वळचणीच्या रेषेत, वरचे मजले मागे सरकवून" असं लिहा. हे नकाशावर मोजता येतं. गल्लीत उभं राहून मान वर केली की मागचे मजले दिसतच नाहीत.

जुन्यासारखं दिसणारं बांधा, हे मात्र कृपा करून लिहू नका. मग फायबरच्या कमानी येतात, थर्माकोलचे वाटावेत असे खांब येतात, आणि त्यावर सोनेरी रंग. लग्नाच्या हॉलमध्ये ठीक आहे. आज बांधलेलं आजचं दिसावं, फक्त शेजाऱ्याशी मापात बोलावं. नागपूर रेल्वे स्टेशन १९२५चं, सावनेरच्या वालुकाश्मातलं. हायकोर्टाची इमारत हेन्री मेडने केलेली, १९४०ची. त्या त्या वेळी या नव्याच इमारती होत्या ना? त्यांना वारसा म्हणायला आज आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सध्या_पुण्यात

पण मॅडम, हायकोर्ट मोकळ्या मैदानात उभं आहे, गल्लीत नाही.

चुनाविटा

मुद्दा मान्य. गल्लीत शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीला चिकटलेली असते, म्हणूनच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळी लिहिते, दिसण्याशी तिचा संबंध नाही.

जुन्या वाड्याचा पाया म्हणजे दगड आणि चुना, उथळ. आपल्याकडे बऱ्याच भागात काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बाजूला नवीन इमारतीसाठी खोल खड्डा घेतला आणि तो महिनाभर उघडा राहिला की शेजारच्या भिंतीखालची माती सरकते. मी पाहिलेल्या एका प्रकरणात खड्डा खणल्यावर शेजारच्या घरात देव्हाऱ्यामागच्या भिंतीला नखाएवढी भेग दिसली. घरच्यांनी सिमेंट भरलं. पावसाळ्यानंतर त्याच भेगेत करंगळी जात होती. तोवर बिल्डर म्हणायला मोकळा, की तुमची भिंत आधीच जुनी होती. तेव्हा ओसरीताई, खोदकाम व्हायच्या आधी दोन्ही बाजूंच्या घरांची तपासणी, भेगांचे तारखेसकट फोटो आणि दोघांच्या सह्या. हे आत्ताच करा, नकाशाची वाट न पाहता. आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. भिंतीतलं पाणी आत कोंडतं आणि विटा आतून भुगा होतात.

ओसरी

फोटोचं उद्याच सुरू करते. बाजूच्या काकांकडे भिंतीला ओल आहे, तीही टिपून ठेवीन.

ओट्यावरून आठवलं. आमच्या ओट्याला पूर्वी पाच पायऱ्या होत्या, सासूबाई सांगतात. आता दोन उरल्यात. बाकीच्या तीन सिमेंट रस्त्याखाली आहेत. दरवेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर. समोरच्यांचा तर उंबरठाच रस्त्याच्या खाली गेला, पावसाळ्यात दारात वाळूच्या गोण्या लावून बसतात. वाडे पडण्याचं हे एक कारण कुणी मोजत नाही. हे हरकतीत बसेल का?

नगररचना_निवृत्त

सूचनेत बसेल. "परिसरातल्या रस्त्यांची पातळी लगतच्या जोत्यांच्या खाली ठेवावी, नवा थर देण्यापूर्वी जुना खरवडावा." एक ओळ. सोबत त्या पायऱ्यांचा फोटो, बाजूला फूटपट्टी धरून. असा एक फोटो दहा पानांच्या निवेदनाचं काम करतो.

इतवारी_किराणा

चुनाविटा ताईंचं पार्किंगबद्दलचं काही पटलं नाही. तळमजल्यावर खोली काढा, गाड्या मागे न्या. पण मागे न्यायला बोळ सोडावा लागेल, तो दर्शनी रुंदीतूनच जाणार. अरुंद प्लॉटला खोली आणि बोळ दोन्ही मिळून उरतं काय? आमच्याकडे सकाळी दहा वाजता या. एका बाजूला मालाचा टेम्पो, मधे हातठेला, त्यातून ॲक्टिव्हा काढायचा प्रयत्न. नव्या इमारतीतल्या वीस बिऱ्हाडांच्या गाड्या स्टिल्टखाली नाही गेल्या तर माझ्या दुकानासमोर उभ्या राहतील. स्टिल्ट कुरूप आहे, पण रस्त्यावरच्या गाड्यांपेक्षा बरी.

आणि रुंदीकरणाची रेषा? नवी इमारत रेषेच्या मागे जाते, जुनी तिथेच पुढे. मग गल्ली पडक्या दातांसारखी दिसते, आणि मागे सुटलेल्या खाचेत पानठेला लागतो.

चुनाविटा

वीस बिऱ्हाडं असतील तर तुमचं बरोबर. चार-पाच मजल्यांच्या अरुंद प्लॉटवर एवढी बिऱ्हाडं बसत नाहीत, पण माल उतरवायचा त्रास खरा आहे. रुंदीकरणाच्या रेषेबद्दल तर शंभर टक्के. आत काही करा, ती रेषाच गल्लीचा चेहरा ठरवते, आणि तिच्यावर हरकत ती रेषा ठरताना किंवा बदलतानाच घेता येते.

बर्डीचा_पोट्ट्या

मारबतीचं कोणी बोललंच नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी अन् पिवळी मारबत, म्हंजे त्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, इतवारी-महालातूनच फिरते ना? लोकं कुठून पाहते? गॅलरीतून, ओट्यावरून, गच्चीवरून. सगळ्या इमारतीले पुढून बंद काच लावली तर "घेऊन जा गे मारबत" काय व्हॉट्सॲपवर म्हणायचं का? पत्रात लिहा, रस्त्याकडे उघडी गॅलरी पाहिजे. हसू नका, सिरियसली म्हणून राहिलो.

चुनाविटा

हसत नाही, हा पत्रातला सगळ्यात चांगला मुद्दा होईल. रस्त्याकडे उघडणारी गॅलरी, बंद काचेला मर्यादा. उन्हाचंही काम भागतं. आणि मापता येतं.

भाडेकरू

मालक बोलले, आर्किटेक्ट बोलले, व्यापारी बोलले. वाड्यात राहणारं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडं. सासरे इथेच वारले, मुलीचं बारसं त्याच चौकात झालं. नोटीस आली की मालक म्हणतो खाली करा, बिल्डर म्हणतो नवीन इमारतीत खोली देऊ, कागद मात्र कोणी देत नाही. तुमच्या वारसा परिसरात आमचं नाव कुठल्या रकान्यात येतं? वाडा जपला तर छप्पर गळतं, पाडला तर छप्परच जातं.

तिसरी_पिढी

वहिनी, मी मालक असलो तरी तुमचं म्हणणं समजतं. आमच्या भाडेकरूंना मी लेखी दिलं आहे. सगळे देत नाहीत हेही खरं.

नगररचना_निवृत्त

भाडेकरूताई, तुम्ही बाधित व्यक्ती आहात, हरकत देण्याचा तुम्हालाही पूर्ण अधिकार आहे. वेगळा अर्ज द्या, गल्लीच्या पत्रात सही करून थांबू नका. "मालक विरुद्ध शेजारी" असं चित्र असलं की सुनावणीत भाडेकरूचा आवाज हरवतो. तुमच्याकडचा सगळ्यात जुना भाडेपावतीचा कागद जोडा.

तिसरी_पिढी, तुमच्यासाठी: वारसा वास्तूच्या मालकाला जे बांधता येत नाही त्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची तरतूद आहे. तो विकता येतो. पण वास्तू यादीत असल्याशिवाय हा लाभ नाही. म्हणजे ज्या यादीला मालक घाबरतात तिच्यातच त्यांच्या भरपाईचा रस्ता आहे. तो रस्ता सरळ आहे असं मी म्हणणार नाही.

तिसरी_पिढी

टीडीआरचा भाव बाजारावर, बाजार दुसऱ्यांच्या हातात. कागद मिळून तो विकला जाईपर्यंत माझी तुळई थांबणार आहे का? जाऊ द्या. पण चुनाविटा मॅडमचं मागे सरकवायचं गणित सांगा. वरचे दोन मजले मागे सरकवले की माझं किती क्षेत्र गेलं?

चुनाविटा

प्लॉट न पाहता आकडा सांगणं बेजबाबदारपणाचं होईल. पण वाड्याच्या खोल प्लॉटवर उजेड-हवेसाठी मधे मोकळी जागा सोडावीच लागते. ती तीन-चार अंधाऱ्या डक्टांत वाया घालवण्याऐवजी एकच नीट चौक ठेवला तर मागचा भाग उजेडात येतो आणि तिथली खोली चांगल्या भावाने जाते. पुढे गेलेलं थोडं मागे भरून निघतं. सगळं नाही निघणार.

सध्या_पुण्यात

नगररचना_निवृत्त, २०२२ पासून पुढची काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. अशा वेळी लोकांनी जायचं कुणाकडे? माझा भाऊ तिथेच राहतो, तो म्हणतो पत्र देऊन काही होत नाही.

नगररचना_निवृत्त

नगरसेवक असो-नसो, कायद्याची मुदत तीच आणि टेबल तेच. पत्र दिल्याने काही होत नाही हे निम्मं खरं. आवक क्रमांक नसलेलं पत्र म्हणजे काहीच नाही. आवक क्रमांक, तारीख आणि मुद्द्यागणिक उत्तर मागणारी शेवटची ओळ असलेलं पत्र पुढे कोर्टात उभं राहतं. कस्तुरचंद पार्कच्या दुरवस्थेचा विषय हायकोर्टात गेला, फुटाळा तलावातल्या कारंज्यांचा वाद तर सुप्रीम कोर्टापर्यंत. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, तिथे कागद बोलतात. मौखिक तळमळ नाही बोलत.

ओसरी

बरं, मग पत्राचा मसुदा असा धरते. भेगांची आधी तपासणी. रस्त्याची पातळी जोत्याखाली. पहिले दोन मजले वळचणीच्या रेषेत. रस्त्याकडे उघडी गॅलरी. रुंदीकरणाच्या रेषेचा फेरविचार, कलम ३७ खाली, आणि गल्लीचा वारसा परिसर म्हणून यादीत समावेश. भाडेकरूंचा अर्ज वेगळा. स्टिल्टवर आपलं एकमत नाही, तर दोन्ही मतं तशीच लिहीन, इतवारीवाल्या भाऊंचं आधी. वाडा विकलेल्या काकांना आणि बिल्डरला प्रत देऊन बोलावणार आहे.

तिसरी_पिढी

परिसर जाहीर करा म्हणताय, तर लगेच खाली एक ओळ टाका: "मालकाच्या हातात टीडीआर पडेपर्यंत मजले मागे सरकवण्याची सक्ती करू नये आणि धोकादायक भागाच्या दुरुस्तीची परवानगी समितीकडे अडकवू नये." ही ओळ असेल तर माझी सही धरा. माझी गल्ली तुमच्या गल्लीच्या मागचीच आहे.

चुनाविटा

पहिला अर्धा भाग मला जड जातोय. तोवर सगळेच पुढे बांधून मोकळे होतील. दुसरा अर्धा तर मीच मागितला असता.

ओसरी

पूर्ण ओळ जाईल, तुमच्या नावाने, तुमच्या शब्दांत. चुनाविटा ताई, तुमचा आक्षेप त्याखाली.

बर्डीचा_पोट्ट्या

मी बर्डीत राहतो, सही चालते का?

नगररचना_निवृत्त

कलम ३७ची सूचना निघाली की कोणीही हरकत-सूचना देऊ शकतं. बर्डीतला, इतवारीतला, पुण्यातलासुद्धा. फक्त पूर्ण नाव-पत्ता लागतो, टोपणनाव चालत नाही.

सध्या_पुण्यात

मसुदा पाठवा. बंदीचं मी माझ्या पत्रात वेगळं लिहीन.